डिझाइन-संशोधनाच्या परिषदेला कारखान्यातल्या अभियंत्याने जावे का?

यंत्ररेखा

नमस्कार. बडोद्यात मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मी मशीन डिझाइनचे काम करते. आम्ही बाटल्या भरण्याची आणि त्यांना लेबल लावण्याची यंत्रे बनवतो. 2023 च्या जानेवारीत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘आयकॉर्ड’ ही डिझाइन-संशोधनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, तिला मी केवळ श्रोता म्हणून गेले होते. तेव्हापासून ओळखीचे अनेक अभियंते मला एकच प्रश्न विचारत आले आहेत: ज्याला शोधनिबंध लिहायचा नाही आणि ज्याला पीएचडीही करायची नाही, त्याने पदरचे पैसे आणि हक्काची रजा खर्चून अशा ठिकाणी कशासाठी जावे? माझे उत्तर ‘जरूर जावे’ असे आहे. मात्र त्याला एक अट आहे, आणि ती नीट मांडता यावी म्हणून हा धागा काढते आहे.

आधी या परिषदेचे स्वरूप सांगते, कारण नावावरून बहुतेकांचा गैरसमज होतो. तिथे नवे पंप, नव्या गिअरपेट्या किंवा नवी सॉफ्टवेअर विकायला मांडलेली नसतात. तिथे अभ्यासाचा विषय असतो तो डिझाइन करणारा माणूस आणि त्याची कामाची पद्धत. एखाद्या अडचणीवर तो किती पर्याय सुचवतो, त्यातला एक कसा निवडतो, जुन्या ड्रॉइंगचा आधार कितपत घेतो, गटात काम करताना निर्णय नेमका कुठे होतो, आणि हे सारे सुधारण्यासाठी एखादी पद्धत दिली तर ती खरोखर उपयोगी पडते का, अशा प्रश्नांवर तिथे पुराव्यानिशी चर्चा चालते. या विषयाची सर्वांत मोठी जागतिक परिषद ‘आयसीईडी’ 1981 मध्ये रोमला सुरू झाली आणि ती दर दोन वर्षांनी भरते. आपल्याकडची आयकॉर्ड 2006 मध्ये बंगळुरूला सुरू झाली. 2009 पासून तीही दर दोन वर्षांनी जानेवारीत होत आली आहे, आणि मद्रास, गुवाहाटी, हैदराबाद येथील आयआयटींनीही तिचे यजमानपद घेतले आहे.

आता अट सांगते. आपल्या कामातला, उत्तर न सापडलेला एक तरी प्रश्न घेऊन जावे. माझा प्रश्न स्टारव्हीलचा होता. ज्यांनी भरणीयंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते, की कन्व्हेयरवरून येणाऱ्या बाटल्या ठरावीक अंतराने नोझलखाली नेऊन उभ्या करणारे हे खाचांचे चाक असते, आणि प्रत्येक खाचेची त्रिज्या बाटलीच्या त्रिज्येपेक्षा किंचित मोठी ठेवावी लागते. आमच्या एका जुन्या चाकाच्या ड्रॉइंगवर, टायटल ब्लॉकच्या (ड्रॉइंगच्या माहितीच्या चौकटीच्या) वरच्या रिव्हिजनच्या, म्हणजे फेरबदलांच्या, रकान्यात, ‘खाचेची त्रिज्या वाढवली’ एवढीच नोंद, तारीख आणि सही होती. पुढे नव्याने आलेल्या एका डिझायनरला त्या खाचेत प्लास्टिकची बाटली सैल बसते असे दिसले आणि त्याने अगदी योग्य विचार करून त्रिज्या पुन्हा कमी केली. त्यानंतर काचेच्या बाटल्यांचे काम आले तेव्हा बाटल्या खाचेत अडकून फुटू लागल्या. काचेच्या बाटलीच्या व्यासात प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा जास्त फरक पडतो, आणि त्यासाठीच कोणीतरी पूर्वी ती जागा ठेवलेली होती. ज्याने ती ठेवली तो कारखाना सोडून गेला होता. बदल कागदावर राहिला होता, त्याचे कारण मात्र त्याच्याबरोबर निघून गेले होते.

हा प्रश्न मी परिषदेत चहाच्या वेळी ज्यांना ज्यांना विचारला, त्यांच्यापैकी कोणालाही तो क्षुल्लक वाटला नाही. उलट या विषयावर गेली पन्नासहून अधिक वर्षे काम चालू आहे हे मला तिथे कळले. कुंझ आणि रिटेल या दोघांनी 1970 मध्ये ‘आयबिस’ नावाची मांडणी सुचवली होती. तिच्यात आधी प्रश्न लिहायचा, त्याखाली सुचलेले सर्व पर्याय लिहायचे आणि प्रत्येक पर्यायाखाली त्याच्या बाजूचे व विरोधातले मुद्दे नोंदवायचे. त्याच धर्तीवर केंब्रिज विद्यापीठात ‘डीरेड’ हे साधन तयार झाले आणि रोल्स-रॉईसच्या विमान-इंजिनांच्या डिझायनरांनी ते प्रत्यक्ष कामात वापरले. तेवढ्या मोठ्या कंपनीला जी अडचण भेडसावत होती तीच आमच्या शेडमध्येही होती, आणि तिच्यावरचा उपाय कागद-पेन्सिलीनेही करता येण्यासारखा होता. यासाठी मला बंगळुरूला जावे लागले याचे मला दुःख नाही. घरी बसून मी या शब्दांनी कधी शोधच घेतला नसता.

परत आल्यावर आम्ही प्रत्येक महत्त्वाच्या ड्रॉइंगमागे एक पान जोडायला सुरुवात केली. त्यात प्रश्न, विचारात घेतलेले पर्याय आणि नाकारलेल्या पर्यायाचे कारण, एवढेच असते. माझ्या मते नाकारलेला पर्याय लिहिणे हे सर्वांत मोलाचे आहे, कारण पुढच्या माणसाला नेमका तोच पुन्हा सुचणार असतो.

ज्यांनी अशा परिषदांना हजेरी लावली आहे त्यांनी आपले अनुभव जरूर लिहावेत.

सुरसागर

यंत्ररेखाताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी बडोद्यातच एम.ई.च्या शेवटच्या वर्षात आहे आणि पुढच्या आयकॉर्डला जाण्याचा विचार करतो आहे. माझी अडचण अशी आहे, की कार्यक्रमपत्रिकेत एकाच वेळी तीन-चार दालनांत सत्रे दिसतात आणि शीर्षकावरून काहीच उमगत नाही. तुम्ही निवड कशी केलीत?

दुसरे असे, की मी ‘डिझाइन फिक्सेशन’ म्हणजे आधी पाहिलेल्या रचनेतच विचार अडकून पडणे, या विषयावर वाचन करतो आहे. जॅन्सन आणि स्मिथ यांचा 1991 चा प्रयोग आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. त्यांनी एका गटाला नुसती समस्या दिली आणि दुसऱ्या गटाला समस्येबरोबर एक नमुना-रचनाही दाखवली. त्या नमुन्यात मुद्दाम दोष ठेवलेले होते. न सांडणाऱ्या कॉफीच्या कपाच्या उदाहरणात तर नळी आणि तोंडाला लावायचा भाग वापरू नये असे सूचनेतच स्पष्ट लिहिलेले होते. तरीही ज्यांनी नमुना पाहिला होता त्यांच्या रचनांत या निषिद्ध गोष्टी अधिक प्रमाणात उतरल्या. वर्कशॉपमध्ये तर आपण प्रत्येक नवे काम मागच्या ड्रॉइंगची प्रत काढूनच सुरू करतो. मग आपण सगळेच कायम या प्रभावाखाली असतो असे म्हणावे का, हे मला विचारायचे आहे.

कलाभवनी

मी तंत्रशास्त्र शाखेत अनेक वर्षे मशीन डिझाइन शिकवून निवृत्त झालो. यंत्ररेखाबाईंचे लेखन आवडले. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पैकी दुसरी थोडी कडू आहे.

पहिली आपल्या गावाची. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन स्थापन केले आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्याकडे त्याची धुरा दिली, ती हाताचे कौशल्य आणि शास्त्र एकाच छपराखाली शिकवता यावे म्हणून. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची 1949 मध्ये स्थापना झाली आणि तेच कलाभवन त्याची तंत्रशास्त्र व अभियांत्रिकी शाखा झाले. कारागीर जे करतो त्याकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहावे, ही दृष्टी या गावाला परकी नाही. कारखान्यातली व्यक्ती डिझाइन-संशोधनाच्या परिषदेला गेली हे मला त्या परंपरेला धरूनच वाटते.

दुसरी गोष्ट पुराव्याची. या क्षेत्रातले बरेचसे प्रयोग विद्यार्थ्यांवर होतात, कारण विद्यार्थी हाताशी असतात. दोन तासांत, वर्गात, कागदावर सोडवलेल्या समस्येवरून आठ महिने चालणाऱ्या, गिऱ्हाइकाच्या तगाद्याखाली होणाऱ्या कामाबद्दल निष्कर्ष काढणे मला धाडसाचे वाटते. म्हणून सत्रात बसताना प्रत्येक सादरीकरणाला तीन प्रश्न लावावेत. पद्धत कोणावर तपासली? यशाचे माप काय ठरवले? आणि ती पद्धत न वापरणारा दुसरा गट तुलनेसाठी होता का? लुसिएन ब्लेसिंग आणि अमरेश चक्रबर्ती यांनी 2009 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली संशोधनपद्धती नेमकी याच शिस्तीसाठी आहे. तिचे चार टप्पे आहेत: आधी संशोधनाचा हेतू आणि यशाचे निकष स्पष्ट करायचे, मग आजची परिस्थिती प्रत्यक्ष पाहून समजून घ्यायची, त्यानंतर सुधारणेसाठी साधन किंवा पद्धत तयार करायची, आणि शेवटी त्या साधनाने खरोखर फरक पडला का हे पुन्हा पाहायचे. माझ्या वाचनातले अनेक निबंध तिसऱ्या टप्प्यावरच थांबतात. साधन तयार झाले, एका उदाहरणावर चालवून दाखवले, आणि निबंध संपला. हे चक्रबर्ती त्याच भारतीय विज्ञान संस्थेचे आहेत आणि आयकॉर्ड उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, तेव्हा तिथे जाणाऱ्याने हे टप्पे समजून घेऊन जाणे केव्हाही चांगले.

सुरसागर, तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे, की मागच्या ड्रॉइंगवरून काम सुरू करणे हा दोष मानू नये. सिद्ध झालेली रचना पुन्हा वापरणे यातच कारखान्याचे हित असते. धोका तेव्हा असतो, जेव्हा मागच्या रचनेतला कोणता भाग गरजेपोटी आला होता आणि कोणता योगायोगाने, हे सांगता येत नाही. म्हणजे आपण फिरून यंत्ररेखाबाईंच्या त्या जोडपानापाशीच येतो.

गुंडाळी

मी बडोद्यातच ट्रान्सफॉर्मरच्या डिझाइनमध्ये आहे. कलाभवनी सरांचा आक्षेप मला मान्य आहे, तरी एक अनुभव लिहितो, कारण या क्षेत्रातली एक पद्धत आमच्याकडे विद्यार्थ्यांवर नव्हे, आमच्याच कामावर कसाला लागली.

आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक निविदा ही नवी रचना असते. गाभ्याचा व्यास धरायचा, त्यावरून तारेच्या वेढ्यांची संख्या आणि वेटोळ्यांची मापे ठरवायची, त्यावरून टक्केवारीतला इम्पीडन्स (ट्रान्सफॉर्मरचा विद्युतप्रवाहाला होणारा अंतर्गत अडथळा) काढायचा, मग विजेचा तोटा, मग टाकी, मग रेडिएटर. कागदावर हे सरळ वाटते. प्रत्यक्षात इम्पीडन्स गिऱ्हाइकाने मागितलेल्या मर्यादेत बसला नाही की वेटोळ्यांची उंची किंवा दोन वेटोळ्यांमधले अंतर बदलावे लागते; ते बदलले की तोटा बदलतो, टाकीचे माप बदलते, तेलाचे प्रमाण बदलते आणि तोवर पत्र्याची मागणी गेलेली असली तर खरेदीवाल्यांशी वाद होतो. आमच्या विभागात या फेऱ्यांना ‘पुन्हा पहिल्यापासून’ असेच म्हणतात.

डोनाल्ड स्टुअर्ड यांनी 1981 मध्ये मांडलेली ‘डिझाइन स्ट्रक्चर मॅट्रिक्स’ ही पद्धत मला एका परिषदेतल्या पोस्टरसमोर उभे राहून समजली. सर्व कामे ओळींत लिहायची, तीच कामे त्याच क्रमाने स्तंभांत लिहायची आणि कोणत्या कामाला कोणत्या कामाची माहिती लागते तिथे खूण करायची. वाचताना ओळीतले काम स्तंभातल्या कामावर अवलंबून आहे असे समजायचे. मग कामांचा क्रम असा बदलत न्यायचा की जास्तीत जास्त खुणा तक्त्याच्या कर्णाच्या (वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणाऱ्या रेषेच्या) खाली येतील. ज्या खुणा काही केल्या कर्णाच्या वरच राहतात, तिथे पुढच्या कामाची माहिती मागच्या कामाला लागते, म्हणजे फेरी अटळ आहे. आमच्या तक्त्यात वेटोळी, इम्पीडन्स आणि तोटा ही तीन कामे एकमेकांत घट्ट अडकलेली एक चौकट म्हणून उठून दिसली, आणि टाकी मात्र त्या चौकटीच्या बाहेर पडली. त्यावरून ठरवले, की त्या तिघांचा हिशेब एकाच माणसाने एकाच बैठकीत पुरा करायचा आणि तोवर टाकीच्या पत्र्याची मागणी पुढे पाठवायची नाही.

यात कोणताही चमत्कार नाही. जुन्या मुरलेल्या डिझायनरला हे मनातल्या मनात ठाऊक होतेच. फरक असा पडला, की खरेदी विभागाला ते डोळ्यांनी दिसले, आणि त्यानंतर आमचे म्हणणे त्यांना हट्ट वाटेनासे झाले.

सुरसागर, सत्रांच्या निवडीबद्दल एक सूचना करतो. पोस्टरच्या वेळेला अजिबात चुकवू नका. व्यासपीठावरच्या सादरीकरणानंतर जेमतेम दोन-तीन प्रश्न होतात. पोस्टरसमोर मात्र संशोधक स्वतः उभा असतो, आपण आपल्या कारखान्यातले उदाहरण सांगू शकतो आणि तो तिथल्या तिथे खोडून किंवा जोडून दाखवतो.

यंत्ररेखा

सर्वांचे आभार. कलाभवनी सर, आपले तीन प्रश्न मी वहीत उतरवून घेतले आहेत.

सुरसागर, सत्रे निवडताना मी शीर्षके बाजूला ठेवली आणि सारांशाची शेवटची दोन वाक्ये वाचली. ज्या सारांशात कोणाला काय करताना पाहिले हे लिहिलेले होते, त्या सत्रांना मी गेले. ज्यांत केवळ एखादी सैद्धांतिक चौकट मांडल्याचे लिहिले होते, ती सत्रे मी बहुतेक सोडली. हा निकष सर्वांना लागू पडेल असे मी म्हणत नाही, मात्र कारखान्यातून जाणाऱ्यासाठी तो चांगला आहे. दुपारनंतर लक्ष टिकत नाही, म्हणून महत्त्वाची सत्रे सकाळची धरावीत.

एका गोष्टीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण ती पाहिल्यापासून माझ्या कामाच्या बैठकींकडे पाहण्याची माझी नजर बदलली. ती म्हणजे संवादाचे पृथक्करण. डिझायनरांना एक समस्या देतात, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करतात, ते शब्दशः उतरवतात, त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याला एक खूण देतात. जॉन गेरो यांनी 1990 मध्ये मांडलेली खुणांची रीत सर्वांत जास्त वापरात दिसली. तिच्यात वस्तू कशासाठी हवी ते कार्य, ती कशी वागेल ते वर्तन आणि ती कशाची व कशी बनली आहे ती रचना, अशी तीन मूळ अंगे आहेत. वर्तनाचेही दोन प्रकार आहेत: आपल्याला अपेक्षित असलेले आणि ठरवलेल्या रचनेतून प्रत्यक्षात निघणारे.

मी घरी येऊन आमच्याच एका बैठकीचा तुकडा या रीतीने लावून पाहिला. विषय होता लेबल लावण्याच्या रोलरभोवतीच्या गार्डचा, म्हणजे संरक्षक आवरणाचा. आमचा फिटर म्हणाला, “लेबलचा रोल बदलताना हात आत जाता कामा नये.” हे अपेक्षित वर्तन. डिझायनर म्हणाला, “मग इथे पारदर्शक झाकण देऊ, बिजागरीवर.” ही रचना. फिटर म्हणाला, “रोल दर पाळीला बदलतात, ते झाकण दर वेळी उघडायला लागले तर ऑपरेटर ते काढूनच ठेवेल.” हे त्या रचनेतून निघणारे वर्तन, आणि ते अपेक्षेशी जुळत नाही. यानंतर डिझायनरने झाकण सोडून रोलची जागाच यंत्राच्या बाहेरच्या बाजूला नेली, म्हणजे रचना मुळातून बदलली. एवढ्या चार वाक्यांत अपेक्षा, रचना, परीक्षण आणि पुनर्रचना हे सगळे घडले होते, आणि त्यातले निर्णायक वाक्य फिटरचे होते. बैठकीच्या इतिवृत्तात मात्र ‘रोलची जागा बदलण्याचे ठरले’ एवढेच लिहिलेले होते आणि फिटरचा उल्लेखही नव्हता.

संशोधक हेच काम शेकडो तुकड्यांवर करतात, आणि दोन माणसांनी एकमेकांना न विचारता दिलेल्या खुणा कितपत जुळतात हेही मोजतात, म्हणजे एकट्याच्या कलाने निष्कर्ष निघत नाही. हे काम फार कष्टाचे आहे आणि मला त्याबद्दल खरा आदर वाटतो. आपण ते सगळे करण्याची गरज नाही. कारखान्यात निर्णय कोणाच्या कोणत्या वाक्याने फिरला, एवढे टिपले तरी पुरेसे आहे.

भोसरी_टूलरूम

पुण्याहून लिहितो आहे, बडोद्याच्या धाग्यात मध्येच आल्याबद्दल क्षमस्व. आमच्याकडे टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारे बनवण्याच्या विभागात) सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण मालक एकच म्हणतात, की आपली ड्रॉइंग बाहेर जाता कामा नयेत. अशा वेळी परिषदेत काही मांडणे शक्य आहे का? आणि परिषदेला जाणे जमलेच नाही, तर हे निबंध वाचायला कुठे मिळतात?

सुरसागर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो. आयसीईडीचे 2019 पासूनचे निबंध केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस प्रकाशित करते आणि ते संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात. सम वर्षी क्रोएशियात भरणाऱ्या ‘डिझाइन’ परिषदेचे 2020 पासूनचे निबंधही तिथेच मिळतात. आयकॉर्डचे निबंध स्प्रिंगरच्या ग्रंथांत येतात; ते विकत घ्यावे लागतात, पण विद्यापीठाच्या ग्रंथालयातून बहुधा पाहता येतात. काही लेखकांना विनंतीचे पत्र लिहिले तर ते आपला निबंध आनंदाने पाठवतात, असा माझा अनुभव आहे.

गुंडाळी

पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. डिझाइन-संशोधनाला ड्रॉइंगची गरज फार कमी वेळा असते. माझ्या तक्त्यात एकही माप नव्हते, गिऱ्हाइकाचे नाव नव्हते, क्षमतेचा आकडाही नव्हता. फक्त कामांची नावे आणि त्यांच्यातली अवलंबने होती. मी ते व्यवस्थापनाला आधी छापून दाखवले, त्यांनी प्रत्येक ओळ वाचली आणि लेखी परवानगी दिली. परवानगी तोंडी घेऊ नये. आणि ती सारांश पाठवण्याआधीच घ्यावी, कारण सारांश परिषदेच्या कित्येक महिने आधी मागवतात, त्यानंतर पूर्ण निबंध परीक्षकांकडे जातो आणि त्यांचे शेरे येतात. त्या टप्प्यावर परवानगी नाकारली गेली तर सगळ्यांचीच मेहनत वाया जाते.

यंत्ररेखा

गुंडाळी यांच्या म्हणण्याला मी पुस्ती जोडते. कारखान्यातल्या माणसाने एकट्याने निबंध लिहिण्यापेक्षा विद्यापीठातल्या कोणाबरोबर तरी लिहिणे श्रेयस्कर आहे असे माझे मत झाले आहे. परीक्षकांना आधीच्या संशोधनाचा आढावा हवा असतो आणि पद्धतीची काटेकोर माहिती हवी असते. हे काम ज्याला सवयीचे आहे त्याने करावे. आपण द्यायचे ते म्हणजे प्रत्यक्ष घडलेले काम, त्याच्या नोंदी आणि प्रामाणिक उत्तरे. संशोधकांना नेमके हेच मिळत नाही, म्हणून ते विद्यार्थ्यांवर प्रयोग करतात. कलाभवनी सरांच्या कडू गोष्टीचा काही भाग आपल्याही दारातून उगम पावतो, असे मला नम्रपणे म्हणायचे आहे. आपण दार उघडले नाही तर ते तरी कुठे पाहणार?

कलाभवनी

आपले म्हणणे मान्य. त्याला आधार देणारे एक संशोधनही आहे. सईमा अहमद, केन वॉलेस आणि लुसिएन ब्लेसिंग यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी विमानउद्योगातल्या नवख्या आणि अनुभवी डिझायनरांना त्यांच्या रोजच्या कामात पाहिले होते. नवखे डिझायनर करून पाहायचे, तपासायचे आणि जमले नाही तर पुन्हा करायचे, या चक्रात फिरत होते. अनुभवी डिझायनर मात्र एखादी कल्पना हातात घेण्यापूर्वीच तिचा प्राथमिक अंदाज घेत होते आणि ती पुढे नेण्याजोगी आहे का ते ठरवत होते. पाहायला हा फरक साधा वाटतो. पण तो वर्गात, विद्यार्थ्यांवर प्रयोग करून कधीच सापडला नसता, कारण वर्गात अनुभवी माणूसच नसतो.

मी शिकवत होतो तेव्हा विद्यार्थ्यांना कारखान्यात नेत असे, ते यंत्रे दाखवायला. आज पुन्हा नेण्याची संधी मिळाली, तर यंत्रापेक्षा ड्रॉइंग बोर्डाशेजारी, हल्लीच्या भाषेत संगणकाशेजारी, बसलेल्या माणसाकडे पाहायला सांगेन आणि तो काय खोडतो ते लिहून आणा म्हणेन.

सुरसागर, तुमच्या फिक्सेशनच्या विषयाला इथे चांगले क्षेत्र आहे. यंत्ररेखाबाईंच्या कारखान्यात जोडपानांचा संच तयार होतो आहे. ज्या कामांना असे पान जोडलेले आहे आणि ज्यांना नाही, अशा दोन्ही प्रकारच्या जुन्या ड्रॉइंगवरून नवे काम सुरू करणाऱ्या डिझायनरांना पाहिले, तर अनावश्यक भाग नव्या रचनेत किती उतरतात याची तुलना करता येईल. यशाचे माप आधी ठरवा, तुलनेचा गट ठेवा आणि चौथ्या टप्प्यापर्यंत जा. मार्गदर्शकांशी बोलून घ्या. वाचनात माझी मदत लागली तर मी मोकळाच आहे.

सुरसागर

सर, ही कल्पना मला फारच आवडली. ताई, तुमच्या मालकांची परवानगी मिळण्यासारखी असेल तर मी पुढच्या आठवड्यात एका पानाची रूपरेषा लिहून पाठवतो. त्यात मापे किंवा गिऱ्हाइकांची नावे लागणार नाहीत, हे पहिल्याच ओळीत लिहीन.

यंत्ररेखा

रूपरेषा जरूर पाठवा. मी आजच मालकांशी बोलले. त्यांच्या अटी दोनच आहेत, की डिझायनरांचे काम पाहताना त्यांच्या वेळेचा खोळंबा होऊ नये आणि कोणाचेही नाव निबंधात येऊ नये. दुसरी अट तर आपणही घातलीच असती. पहिल्या अटीसाठी बैठकीचे ध्वनिमुद्रण करून पुढचे सगळे काम तुम्ही बाहेर बसून करावे, असे सुचवते. ध्वनिमुद्रणासाठी प्रत्येक डिझायनरची आणि फिटरची संमती वेगवेगळी घ्यावी लागेल. ते काम मी करते. स्टारव्हीलच्या ड्रॉइंगपासून सुरुवात करू, कारण त्याचे जुने आणि नवे दोन्ही रिव्हिजन उपलब्ध आहेत आणि जोडपानही आता पूर्ण लिहून झाले आहे.

भोसरीकर, आपल्या टूलरूममध्येही हेच करून पाहायचे असेल तर कळवा. दोन ठिकाणची तुलना एका ठिकाणच्या निरीक्षणापेक्षा परीक्षकांना अधिक पटेल.

भोसरी_टूलरूम

मालकांना हा धागा छापून वाचायला दिला आहे. गुंडाळी यांच्या तक्त्याच्या वर्णनाशेजारी त्यांनी पेनाने दोन खुणा केल्या आहेत आणि आमच्या मोल्डच्या कामाचा असाच तक्ता करून आणायला सांगितले आहे. तो तयार झाला की परवानगीचे लेखी पत्र मागून घेतो आणि इथे कळवतो.